हाड कोणाचे?

मणक्यांच्या फ्यूजन शस्त्रक्रियेत स्क्रू आणि रॉड एक्स-रेमध्ये ठळक दिसतात, म्हणून तेच ऑपरेशनचे सार आहे असे रोग्याला आणि नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात टायटॅनियमचे ते सारे सामान काही महिन्यांपुरते आधाराला असते. दोन मणके हाडाने एकमेकांना धरले नाहीत, तर रोजच्या वाकण्या-बसण्याने धातूही थकतो. स्क्रू ढिले पडतात, कधी रॉड मोडतो. यश ठरते ते सर्जनने मणक्यांच्या फटीत किंवा बाजूला भरलेल्या मूठभर हाडाच्या चुऱ्यावर, आणि त्या चुऱ्याचे रोग्याचे शरीर पुढचे सहा महिने ते वर्षभर काय करते यावर. हा चुरा कुठून आणायचा, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न आहे, आणि तो धर्माचा व तत्त्वज्ञानाचा आहे. बाहेरचा पदार्थ माझ्या कण्यात मिसळला की तो माझा होतो का? तो गाईचा असेल, मृत माणसाचा असेल किंवा भट्टीत तयार केलेला असेल, तर त्याने काय फरक पडतो?

हा प्रश्न सुरुवातीला नव्हता. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन शल्यविशारदांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मणके जोडण्याची शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. त्यांचे रोगी मुख्यतः मणक्याच्या क्षयाचे होते. हिब्जने जागेवरचेच हाड वापरले. आल्बीने नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीत बसवली. पुढे कमरेच्या हाडाच्या कडेवरून चुरा काढण्याची पद्धत रूढ झाली आणि आजही बाकी सगळे पर्याय तिच्याशीच ताडून पाहिले जातात. स्वतःचेच हाड, त्यामुळे शुद्धाशुद्धतेचा सवाल नाही. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, काहींना तिथले दुखणे पाठीपेक्षा जास्त छळते, आणि ज्यांचे हाड म्हातारपणाने ठिसूळ झाले आहे त्यांच्याकडे देण्याजोगे फारसे उरलेलेच नसते. म्हणून पर्याय आले. दात्यांचे हाड प्रक्रिया करून, किरणोत्साराने निर्जंतुक करून साठवणाऱ्या ऊतिपेढ्या आल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली पेढी 1988 पासून हे काम करते आहे. मार्शल युरिस्ट यांनी 1965 साली दाखवले, की खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड उगवते. गाईगुरांच्या हाडातले सारे सेंद्रिय अंश काढून उरलेले खनिज आले, समुद्रातल्या प्रवाळापासून केलेले कण आले. आणि पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेले सिरॅमिक आले: हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, लॅरी हेंच यांची 1969 ची बायोग्लास.

या सिरॅमिककडे जवळून पाहिले पाहिजे, कारण सारा युक्तिवाद त्यातच दडलेला आहे. कुपीतून निघतात ते पांढरे, खरखरीत, एक ते तीन-चार मिलिमीटरचे दाणे. सर्जन ते रोग्याच्या मज्जेतून काढलेल्या रक्तात भिजवतो आणि काही क्षणांत ते लाल होतात. दाणा आतून सच्छिद्र असतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंतची छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, कारण त्याहून अरुंद जागेत रक्तवाहिन्या नीट शिरत नाहीत. त्या वाहिन्यांच्या मागोमाग पेशी येतात. काही पेशी दाण्याचा पृष्ठभाग विरघळवतात, काही तिथेच नवे हाड रचतात. इमारत चढत जावी तशी परांची आपोआप विरत जावी, असा हा प्रकार आहे. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट साधारण काही महिने ते दोनेक वर्षांत नाहीसे होते आणि त्या जागी रोग्याचे स्वतःचे हाड उरते. हे काही दाण्यांपुरते खास घडत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असाच मोडला आणि नव्याने बांधला जातो. ज्याला आपण जन्मापासूनचे आपले हाड म्हणतो, त्यातला कण न् कण कधीतरी भाकरीतून, दुधातून, विहिरीच्या पाण्यातून आलेला असतो. आयुर्वेदाने अन्नरसापासून क्रमाने रक्त, मांस, मेद आणि मग अस्थी घडतात असे मानले. त्या क्रमाचा तपशील आजच्या शरीरशास्त्राला पटणार नाही, पण हाड हे अन्नातून सतत घडत राहते ही त्यामागची दृष्टी खरी आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की हाड ‘माझे’ होते ते त्याच्या द्रव्यामुळे नव्हे. माझ्या जिवंत शरीराने त्यावर केलेल्या कामामुळे होते. हे मान्य केले, तर शुद्धाशुद्धतेचा प्रश्न द्रव्याला विचारण्यात अर्थ उरत नाही. तो विचारायचा ते द्रव्य मिळवण्याच्या रीतीला.

आपल्या परंपरेत याला आधार आहे आणि तो आपण विसरतो. दहनानंतर तिसऱ्या दिवशी आपण ज्या अस्थी सावडतो, गाडग्यात भरून नाशिकच्या रामकुंडावर नेतो, त्यांतले सारे सेंद्रिय अग्नीत जळून गेलेले असते. उरते ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. म्हणजे अस्थिकलशात जे असते आणि सिरॅमिकच्या कुपीत जे असते, ते रसायनदृष्ट्या एकाच कुळातले आहे. त्या अस्थींपुढे आपण हात जोडतो ते त्यांच्या रसायनासाठी नाही, ज्याच्या देहाने त्या घडवल्या त्याच्यासाठी. पूजेतला शंख हे एका प्राण्याचे कवच आहे, अंगठीतले पोवळे हा प्राण्यांनीच रचलेला सांगाडा आहे, आणि शंखभस्म, प्रवाळभस्म तर कित्येक शाकाहारी घरांत औषध म्हणून निःशंकपणे घेतले जाते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात माणसाच्या ओल्या, स्निग्ध हाडाला स्पर्श झाला तर स्नान सांगितले आहे. कोरड्या हाडासाठी आचमन पुरते. त्या ग्रंथाचे इतर कितीतरी विचार मला अजिबात मान्य नाहीत. पण द्रव्याची अवस्था बदलली की दोषाचे मापही बदलते, हे तिथेही ओळखलेले दिसते. इस्लामी धर्मशास्त्रात या विचाराला ‘इस्तिहाला’ असे स्वतंत्र नाव आहे. मिठागरात पडलेला प्राणी मीठच होऊन गेला तर ते मीठ आहे, असे हनफी विधिज्ञ म्हणतात. शाफई पंथ इतकी सूट देत नाही. यहुदी परंपरेत निषेध मुख्यतः खाण्याचा आहे, शरीरात बसवण्याचा नाही. तीन वेगळ्या परंपरांतले विचारवंत आपापल्या वाटेने एका जागी येऊन पोचतात, हा मला योगायोग वाटत नाही.

याच्या उलट टोकाची एक जुनी हकिकत अस्थिरोपणाच्या इतिहासात सांगितली जाते. डच शल्यविशारद योब फान मीकरेन यांच्या 1668 सालच्या ग्रंथात तिची नोंद आहे. एका रशियन सरदाराच्या कवटीला पडलेले भोक कुत्र्याच्या हाडाचा तुकडा बसवून बुजवले गेले, जखम भरली, आणि चर्चने त्याला बहिष्कृत केले, कारण ख्रिस्ती डोक्यात जनावराचे हाड राहणे त्यांना चालेना. या हकिकतीच्या शेवटाचे दोन पाठ आहेत. एकात ते हाड काढून त्याला पुन्हा धर्मात घेतले जाते. दुसऱ्यात हाड इतके एकजीव झालेले असते की ते काढणेच शक्य होत नाही. शरीराचे ज्ञान दुसऱ्या पाठाच्या बाजूने आहे. देहाने जे स्वीकारून बदलून टाकले, ते परके म्हणून वेगळे काढायला धर्मसत्तेकडे हत्यार नाही.

यावर पहिला आक्षेप तात्त्विक आहे, आणि तो टाळण्याजोगा नाही. सगळेच पदार्थ विरघळत नाहीत. हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षे हाडात तसेच रुतून राहते. टायटॅनियम तर चितेतही वितळत नाही आणि राखेत सापडते. मग जे बदललेच नाही ते माझे कसे झाले? इथे ‘मिलिंदपन्ह’ या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन उपयोगी पडतो. राजा मिलिंदाला त्याने विचारले, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि दाखवून दिले, की रथ हे नाव सुट्या भागांना मिळत नाही, त्यांच्या परस्परसंबंधामुळे मिळते. जिवंत हाडाने चारी बाजूंनी वेढलेला दाणा शरीराचा भार वाहू लागला, की तो त्या संबंधात आला. टायटॅनियमचा स्क्रू मात्र हाडाने कितीही घट्ट धरला, तरी मणके जुळल्यावर त्याचे काम संपते आणि तो काढून टाकता येतो. त्याला मी शरीराचा भाग म्हणणार नाही, साधन म्हणेन. ही रेषा सगळीकडे तितकी स्पष्ट असत नाही, हे मला मान्य आहे. पण द्रव्याच्या कुळावरून आखलेली रेषा तर याहून पुसट आहे, कारण अन्नाची पहिली साखळी तपासताच ती पुसली जाते.

दुसरा आक्षेप श्रद्धावंताचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. द्रव्य निर्दोष ठरवले की गाईचे हाड आणि खडू सारखेच होतात. मग एखाद्या वैष्णवाला किंवा जैनाला न विचारता काहीही बसवायला डॉक्टर मोकळे झाले, असा याचा अर्थ होत नाही का? होत नाही, उलट होतो. दोष द्रव्यात नसून रीतीत आहे म्हटल्यावर सगळ्यांत मोठी रीत म्हणजे संमती. गाईला न मारण्याचे किंवा तिच्या वधाचा लाभ न घेण्याचे व्रत हे त्या माणसाचे गाईशी असलेले नाते आहे. ते हाड तापवून त्यातले प्रथिन नष्ट झाले, म्हणून ते नाते नष्ट होत नाही. रासायनिक युक्तिवाद करून दुसऱ्याचे व्रत मोडून टाकणे ही हिंसाच आहे. ज्याला असे हाड नको आहे त्याच्यासाठी सिरॅमिक आहे, स्वतःच्या कमरेचे हाड आहे, आणि ही निवड त्याची आहे.

इथून पुढचे पाऊल मात्र चुकीचे पडते, आणि तेच बहुतेक जण टाकतात: कृत्रिम आहे म्हणजे शुद्ध आहे, कोणाला इजा झाली नाही, मनाला टोचणी नाही. कृत्रिम पर्यायांची परीक्षा ससे आणि मेंढ्यांच्या कण्यांवर झाली आहे आणि होते आहे; मणके जोडण्याचे नवे साधन तपासायला पांढऱ्या सशांचा कणा हा तर ठरलेलाच प्रयोग आहे. अहिंसेच्या नावाने सिरॅमिक निवडणाऱ्याने हे जाणून निवडावे. शिवाय ‘कृत्रिम’ या लेबलाखाली काय असते तेही पाहावे. अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळालेले ‘इन्फ्यूज’ हे मेडट्रॉनिक कंपनीचे उत्पादन हाड उगवायला लावणारे प्रथिन वापरते. ते प्रथिन हॅम्स्टरच्या पेशींत तयार होते आणि गाईगुरांच्या कंडरांतल्या कोलॅजेनच्या स्पंजवर भिजवून बसवले जाते. प्रयोगशाळेतली वस्तू म्हणून ते विकत घेणाऱ्या कितीजणांना हे कोणी सांगितले असेल?

पण या उत्पादनाचा खरा दोष हॅम्स्टर किंवा गाय हा नव्हता. कंपनीच्या पैशावर झालेल्या सुरुवातीच्या तेरा अभ्यासांत या प्रथिनामुळे झालेला एकही अपाय नोंदलेला नव्हता. 2011 साली यूजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी ‘स्पाइन जर्नल’मध्ये दाखवले, की प्रत्यक्ष धोका मूळ अंदाजापेक्षा दहा ते पन्नास पटींनी अधिक होता. 2012 मध्ये अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने म्हटले, की अभ्यास लिहिणाऱ्या डॉक्टरांना 1996 ते 2010 या काळात कंपनीकडून सुमारे 21 कोटी डॉलर मिळाले होते. कंपनीने निष्कर्ष नाकारले. पण तिने आपली माहिती येल विद्यापीठाच्या हवाली केली, हेही नोंदवले पाहिजे. त्या माहितीची दोन स्वतंत्र पथकांनी छाननी केली, आणि कमरेच्या हाडापेक्षा या महागड्या प्रथिनाचा ठोस फायदा दिसत नाही असे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अशुद्धी म्हणायचे असेल तर ती इथे आहे: लपवलेल्या अपायात आणि सत्याला लावलेल्या किमतीत. कोणतीही भट्टी ती जाळू शकत नाही.

हाच निकष उलट बाजूने लावला, तर ज्या हाडाची आपल्याला सर्वांत जास्त शिसारी वाटते त्याचा दर्जा बदलतो. मृत माणसाचे हाड आपल्या पाठीत, ही कल्पनाच कित्येकांना नको वाटते. सुतकाच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ती अशुभाची परिसीमा वाटते. पण ते हाड कोणीतरी जिवंतपणी ठरवून, किंवा शोकातल्या घरच्यांनी संमती देऊन, ज्याला कधी पाहणार नाहीत अशा माणसासाठी दिलेले असते. यात कोणाला मारलेले नाही, कोणाला फसवलेले नाही. ज्या परंपरेने वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीचीला ऋषी म्हणून वंदन केले, तिने अशा दानाला विटाळ मानणे तिच्याच मूल्यांशी विसंगत आहे. रोगसंसर्गाची काळजी रास्त आहे आणि तिच्यासाठी तपासण्या, किरणोत्सार, नोंदी असतात. पण ती काळजी वैद्यकीय आहे, तिला धर्माचे वस्त्र चढवू नये. माझ्या मते स्वेच्छेने दिलेले आणि नीट तपासलेले मानवी हाड नैतिकदृष्ट्या कोणत्याही सिरॅमिकपेक्षा वरचे आहे.

मणक्याचे ऑपरेशन सहसा जीव वाचवण्यासाठी तातडीने करायचे नसते. विचारायला दिवस असतात, बहुतेकदा आठवडे असतात. म्हणून ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरच्यांवर ही वेळ येईल त्यांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला सरळ विचारावे: मणक्यात काय भरणार आहात, ते कशापासून आणि कोणी केले आहे, माझेच हाड का नको, आणि या वस्तूची शिफारस करण्यात तुमचा काही आर्थिक संबंध आहे का. उत्तर लेखी मागावे. ते मिळणे हा रोग्याचा हक्क आहे.