शिलकीचा गुण

गेल्या पावसाळ्यांत माझी भाची दोन महिने आमच्या कांदिवलीच्या घरीं राहावयास होती. दिवसा तिचें कचेरीचें काम चाले, आणि रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे ती लॅपटॉप उघडून एक खेळ खेळत बसे. मी तर्कशास्त्र शिकविण्यांत अठ्ठावीस वर्षें घालविलेला मनुष्य; पडद्यावरचा खेळ म्हणजे गोळ्या झाडणें आणि मोटारी आदळणें, यापलीकडे माझी कल्पना गेली नव्हती. म्हणून एके रात्रीं तिनें मान वर न करतां, "मामा, एक गुण शिलकीला आहे, कशांत घालूं?" असा प्रश्न केला, तेव्हां मला प्रथम हसूंच आलें. ज्यानें जन्मभर इतरांना गुण दिले, त्याला एक गुण कोठें द्यावा म्हणून कोणी विचारावें, यांत गंमत होतीच. पण पुढें तो प्रश्न मला सोडीना, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

खेळाचें नांव 'डिस्को एलिझियम'. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याचा मुख्य रचनाकार रॉबर्ट कुर्विट्झ हा एस्टोनियांतील एक कादंबरीकार आहे. कथा अशी कीं, एक पोलीस तपासनीस एका हॉटेलच्या खोलींत शुद्धीवर येतो. दारूच्या अतिरेकानें त्याची स्मृति पार पुसली गेली आहे. स्वतःचें नांवहि त्यास आठवत नाहीं. हॉटेलच्या मागें एका झाडाला आठवडाभर एक प्रेत लटकत आहे, आणि त्या खुनाचा उलगडा करण्यासाठीं त्याला तेथें पाठविलें आहे. ज्याला स्वतःचा पत्ता नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या मारेकऱ्याचा पत्ता लावावयाचा! त्याच्या ठायीं चोवीस गुण कल्पिले आहेत: तर्क, बहुश्रुतता, वक्तृत्व, समवेदना, अधिकार, सहनशक्ति, नजर, हातांची चलाखी इत्यादि. ठराविक अनुभव गांठीस जमला कीं एक गुण मिळतो. तो चोविसांपैकीं कोठेंहि घालावा. मात्र सगळीकडे घालतां येतील इतके गुण कधींच मिळत नाहींत. अडचणीच्या प्रसंगीं दोन फासे टाकले जातात आणि त्यांत त्या त्या गुणाची भर पडते. फासे उलटे पडले तर तें दार मिटतें. कांहीं दारें गुण वाढविल्यावर पुन्हां ठोठावतां येतात; कांहींच्या बाबतींत मात्र एकदांच, मग नाहीं.

शिवाय आरंभींच बुद्धि, मन, शरीर आणि अंगचापल्य या चार मूळ शक्तींत ठरलेलें भांडवल वांटून घ्यावें लागतें, आणि त्या वांटणीनें पुढील वाढीची मर्यादा बांधली जाते. जन्मजात देणगी मोठी कीं कमाई मोठी, हा वाद खेळाच्या कर्त्यांनीं असा दोन ओळींच्या हिशेबांत उरकून टाकला आहे. मला तो हिशेब जरा कठोर वाटला. पन्नाशी उलटलेल्या माणसास तो तसा वाटावयाचाच.

भाचीचें तत्त्व सरळ होतें. जें दार अडलें असेल त्याच्या किल्लीला गुण द्यावा. त्या रात्रीं अडलेलें दार म्हणजे तें प्रेत होतें. तपासनीस झाडाजवळ गेला कीं दुर्गंधीनें त्याला ओकारी येई. तिनें गुण सहनशक्तींत घातला. मी म्हणालों, "अग, खुनाचा तपास करणारानें तर्क वाढवावा, कीं पोट बळकट करावें?" ती म्हणाली, "मामा, आधीं त्याच्याजवळ उभें तरी राहतां आलें पाहिजे ना!" हें उत्तर मीं त्या वेळीं विनोदावारी नेलें.

दार पाहून किल्ली घडविण्याची ही रीत कांहीं खेळापुरती नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांचें सर्व शिक्षण आज ह्याच रीतीनें चाललें आहे. अमुक प्रवेशपरीक्षेचें दार अडलें, कीं तमुक शिकवणी. नोकरीचें अडलें, कीं इंग्रजी संभाषणाचा वर्ग. त्यांस दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. ज्याच्या घरीं भाड्याची तारीख जवळ येत असते, त्याला आत्मविकासावर व्याख्यान देणारा प्राध्यापक हा विनोदाचा विषय होय. पण ह्या रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आपण गुण निवडतों तेव्हां एक हत्यार निवडतों, काम झालें कीं तें पेटींत ठेवतां येतें. ही समजूत चुकीची आहे असें मला त्या खेळानें दाखविलें.

कारण त्या खेळांत गुण बोलतात. प्रत्येक गुणाला स्वतःचा आवाज आहे, आणि तो न विचारतां बोलतो. बहुश्रुतता वाढविली, तर तपास बाजूस राहून ती नको ती माहिती कानांत ओतीत बसते. अधिकार वाढविला, तर जो तो आपला मान राखीत नाहीं असें सांगून तो माणसाला भांडावयास उभा करतो. बरें, हे आवाज नेहमीं खरें बोलतात असेंहि नाहीं; ते मोठ्या विश्वासानें चुकतात. आणि तर्क? तर्क फार वाढला म्हणजे तो आपल्याच हुषारीवर लुब्ध होतो, आणि कोणीं त्याची स्तुति केली कीं फसतो. भाचीनें हें मला वाचून दाखविलें, तेव्हां मी खुर्चींत जरा सांवरून बसलों. गुण हा एक बिऱ्हाडकरू आहे, आणि एकदां आंत आलेला बिऱ्हाडकरू जागा सोडीत नाहीं, हें मुंबईकराला निराळें सांगावयास नको.

ह्याचें एक उदाहरण आमच्या गांवच्या मातींतच आहे. कांदिवलीचा परिसर, तेथील ओढे, दगडाच्या खाणी, ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक जात-येत होते. १९३० नंतरच्या दशकांत टॉड नांवाचा नौदलांतील एक अधिकारी तेथें हिंडला, आणि ज्यांना सर्व जग दगड म्हणत होतें त्यांत त्याला अश्मयुगांतील माणसानें घडविलेलीं हत्यारें दिसलीं. मुंबई परिसरांतील ह्या शोधांवरचा त्याचा निबंध १९३९ सालीं लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकांत छापून आला. टॉडची दृष्टि अधिक तीक्ष्ण होती असें नव्हे. ती एका विशिष्ट वस्तूसाठीं तयार झालेली होती. एकदां ती तयार झाल्यावर त्याला कोणताहि ओढा नुसता ओढा म्हणून पाहतां आला असेल काय? मला शंका आहे. आज त्या भागांत इमारती उभ्या आहेत, आणि आम्हां रहिवाशांना दगडाच्या जागीं दिसतो तो चौरस फुटाचा भाव. तीहि तयार केलेलीच दृष्टि.

पण दगडाच्या बाबतींत चूक झाली तरी दगडाला दुःख नाहीं. माणसाच्या तपासांत प्रश्न अवघड होतो. १९६८ सालीं मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि रस्त्याकडेला निजलेल्या गोरगरिबांचे रात्रीं जड बोथट वस्तूनें खून पडूं लागले. त्या काळची भीति जुन्या माणसांच्या बोलण्यांतून अजून गेलेली नाहीं. तपासाचीं सूत्रें गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्या हातीं होतीं. ऑगस्ट महिन्यांत ॲलेक्स फियालो ह्या फौजदारानें वर्णनावरून रामन राघव यास ओळखून पकडलें. गंमत अशी कीं, १९६५-६६ मधील तशाच खुनांच्या वेळीं हाच मनुष्य पोलिसांच्या हातीं येऊन पुराव्याअभावीं सुटला होता. आतां ओळखण्याचा गुण फळास आला. पण पकडलेला मनुष्य बोलेना. बरेच दिवस प्रश्न व्यर्थ गेले. शेवटीं त्यानें कोंबडीचें जेवण मागितलें. तें त्याला देण्यांत आलें, आणि तो बोलूं लागला.

भाचीला मीं ही हकीकत सांगितली आणि विचारलें, "तें ताट म्हणजे दया कीं आमिष?" मला स्वतःला तें आमिष वाटत होतें. ॲरिस्टॉटलनें कौशल्य आणि सद्गुण यांत फरक केला आहे. कौशल्याची किंमत त्याच्या फळावरून होते. जोडा चांगला झाला कीं चांभार चांगला. सद्गुणाचें तसें नाहीं. तेथें कृत्य चांगलें असून भागत नाहीं. करणारानें तें त्या कृत्यासाठींच निवडलेलें असावें लागतें, आणि स्थिर स्वभावांतून करावें लागतें. मग साक्षीदाराचें तोंड उघडावें म्हणून जी समवेदना वाढविली, ती समवेदना कसली? ती चांभाराची आरी झाली.

भाचीनें माझें म्हणणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "मामा, मीं समवेदना वाढविली ती खरोखर त्याच हेतूनें. पण पुढें काय झालें तें ऐका." खेळांत एक स्त्री आहे. तिचा नवरा एका अपघातांत मेलेला आढळतो, आणि ती बातमी तिला देण्याचें काम तपासनिसावर येतें. मुख्य खुनाशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. तिच्याकडून कोणतेंहि दार उघडावयाचें नाहीं. "तेथें तो आवाज बोलूं लागला. मीं त्याला बोलाविलें नव्हतें. त्याच्यामुळें मला तिच्या दारांतून लवकर निघतां येईना." तिच्या मतें हेतु अशुद्ध असला तरी आंत आलेला आवाज हेतूच्या हुकमांत राहत नाहीं. आणि ॲरिस्टॉटलहि म्हणतोच ना, वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो? पहिली तार कोणत्या लोभानें छेडली, हें वीणा विचारीत नाहीं.

मला हें पूर्णपणें पटत नाहीं. समवेदनेचा अभ्यास करून लुबाडणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांच्याहि कानांत तो आवाज असणारच, आणि ते त्याच्याच साह्यानें खिसा ओळखतात. तथापि रामन राघवाच्या हकीकतीचा उत्तरार्ध भाचीच्या बाजूस जातो, हें मान्य केलें पाहिजे. त्याला सत्र न्यायालयानें फाशीची शिक्षा दिली. पुढें उच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून तीन मनोविकारतज्ज्ञांनीं त्याच्या मुलाखती घेतल्या, त्याचा बरा न होणारा मनोविकार उघड झाला, आणि १९८७ सालीं ती शिक्षा जन्मठेपेंत बदलली. १९९५ सालीं तो पुण्यास वारला. एकदां त्याचें बोलणें त्याला फांसाकडे घेऊन गेलें. दुसऱ्यांदा त्याच्याच बोलण्यानें त्याला तेथून परत आणलें. दोन्ही वेळां कोणी तरी ऐकत बसलें होतें.

ऐकत बसणें! येथें मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मीं भाचीलाहि सांगितली नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत दोन उत्तरपत्रिका सारख्या आढळल्या आणि चौकशी माझ्याकडे आली. कोणीं कोणाची नक्कल केली, हा प्रश्न होता. मीं दोन रात्री त्यांवर घालविल्या आणि एक सुरेख पुरावा काढला. एका मुलानें एका ठिकाणीं निरर्थक शब्द लिहिला होता. दुसऱ्याच्या गिचमिड अक्षरांत त्याच जागीं असलेला बरोबर शब्द घाईनें वाचला, तरच तो निरर्थक शब्द तयार होई. दिशा सिद्ध झाली. मुलाला बोलाविलें. तो खोलींत आला तोच, "सर, मला सांगावयाचें आहे," असें म्हणत. मीं त्याला हातानें थांबविलें आणि तो पुरावा पायरीपायरीनें त्याच्यापुढें मांडला. बरोबर बसलेल्या सहकाऱ्यांनीं मान डोलाविली. मला बरें वाटलें. पाऊण तास तरी मी बोललों असेन. शेवटीं मीं विचारलें, "कबूल आहे?" तो म्हणाला, "होय सर." नियमाप्रमाणें शिक्षा झाली. तो पुन्हां महाविद्यालयांत आला नाहीं.

माझा निष्कर्ष बरोबर होता. तो आजहि बरोबर आहे. पण तो मुलगा कबुली द्यावयासच आला होता, आणि कबुलीच्या पुढें त्याला आणखी कांहीं सांगावयाचें होतें. तें काय, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं. तर्काच्या आवाजानें खोली भरून गेली होती.

इतकीं वर्षें मी समजत होतों कीं माझ्या ठायीं त्या दिवशीं समवेदना कमी पडली. भाची परत गेल्यावर, तिचें तें पहिलें उत्तर आठवून, मला निराळें वाटूं लागलें आहे. त्याचा चेहरा पडलेला मला दिसला होता. त्याच्यावर कांहीं ओढवलें आहे हें मला कळलें होतें. कळलें म्हणूनच मीं हात वर केला असावा. एखादें मूल समोर बसून तुमच्यापुढें आपलें दुःख उघडें करणार आहे, आणि त्यावर तुम्हांजवळ उपाय नाहीं, ह्या अवस्थेंत गप्प बसून राहणें फार कठीण असतें. पुरावा बोलूं लागला कीं तें टळतें. तेव्हां मला हवा होता तो गुण भाचीनें पहिल्याच रात्रीं निवडला होता, आणि मीं त्याला पोटाचा गुण म्हणून हिणविलें होतें. समवेदना वाढवून सहनशक्ति तशीच ठेवली, तर माणूस अधिक वेगानें पळ काढील, असें मला वाटतें.

आतां ह्या वयांत वाढीची मर्यादा कोठें आहे, हा प्रश्न उरतोच. निवृत्तीस थोडीं वर्षें राहिलीं आहेत. शिलकीला एखाददुसरा गुण असेल. ह्या सत्रांत पुन्हां एक चौकशी माझ्याकडे आली आहे. उत्तरपत्रिका कपाटांत बंद आहेत. मीं त्या अद्याप उघडल्या नाहींत, आणि हें करणें मला सोपें गेलें असें वाचकांनीं समजूं नये. विद्यार्थिनीला आधीं बोलूं द्यावें, समितीनें मध्यें कोणताहि प्रश्न विचारूं नये, अशी सूचना मीं लिहून दिली. सहकाऱ्यांपैकीं एकानें, "आणि ती कांहींच बोलली नाहीं तर?" असें विचारलें. मीं म्हटलें, तर तेवढा वेळ आपण बसूं. बैठक येत्या गुरुवारीं आहे.