न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

समजा, देवगडची एखादी तरुणी एका डोळ्याची दृष्टी अंधुक झाली म्हणून करूळचा घाट चढून कोल्हापूर गाठते. डोळा तपासणीत निरोगी दिसतो. दाह असतो तो डोळ्यामागील दृष्टिमज्जातंतूला. एमआरआयमध्ये तो दिसतो. पण त्याच चित्रात कधी मेंदूतील पांढरे ठिपकेही उमटतात. दृष्टी बहुधा काही आठवड्यांत सुधारते. ठिपके मात्र मल्टिपल स्क्लेरॉसिस या पुढच्या आजाराकडे बोट दाखवतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा वर्षांच्या अमेरिकी पाहणीत ठिपके असलेल्यांपैकी ७२ टक्के, तर नसलेल्यांपैकी २५ टक्के रुग्णांना तो जडला.

"तिला सांगू नका," असे आपण आप्त डॉक्टरांना विनवतो. ही माया खरी. पण तिच्या आयुष्याचा निर्णय आपण परस्पर घेतो, हेही खरे. या आजाराला आवर घालणारी औषधे आज आहेत. ती घेणे तिच्या हाती असताना तिलाच अंधारात ठेवणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मात्र आकडा म्हणजे निकाल नव्हे. शंभरांतील २८ जणांना तो आजार त्या काळात झालाच नाही. सत्य सांगावे, ते या २८ जणांसकट. आणि किती जाणून घ्यायचे, हे चित्र काढण्यापूर्वीच तिला विचारावे.