उत्तरवयातील धुळाक्षरे

मनुष्याने कोणत्या वयापर्यंत शिष्य व्हावे, हा प्रश्न आपल्या भूमीस नवा नाही. परंपरा सांगते की, संतमंडळीत गोरोबाकाकांनी नामदेवांस कच्चे मडके ठरविले, तेव्हा ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांस शरण गेले. नामदेवांची नरसी आणि विसोबांचे औंढे ही दोन्ही गावे कळमनुरीच्याच हिंगोली जिल्ह्यात आहेत.

आज तोच प्रसंग निराळ्या वेषाने घरोघर आला आहे. कळमनुरीसारख्या गावातील मुले पोटापाण्यासाठी पुण्यास, हैदराबादेस, कित्येक तर परदेशी जातात, आणि वृद्ध आईबापांस त्यांच्या भेटीसाठी संगणकाची पायरी चढावी लागते. जन्मभर लिहिण्यावाचण्यात घालविलेला मनुष्यही या यंत्रापुढे एकाएकी निरक्षर होतो. पूर्वी निरक्षर माता लेकाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेई व उत्तरही त्याच्याच हातून लिहवी. त्यामुळे तिच्या मनातले अर्धे मनातच राही. आज प्रत्येक वेळी नातवाची विनवणी करणाऱ्या आजोबांची स्थिती याहून वेगळी आहे काय? म्हणून हा प्रश्न करमणुकीचा नसून स्वाधीनतेचा आहे, असे आम्हांस वाटते.

‘या वयात हे काय साधणार?’ असे कोणी म्हणेल. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठी उलटलेल्या स्त्रियांनी तेथे पाटीवर अक्षरे गिरविली. ज्यांस अक्षर येते त्यांची वाट तर याहून सुगम आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताशी व बहुतेक व्यंजने उजव्या हाताशी आहेत. ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच कळीवर नांदतात. ज्याने बाराखडी घोकली, त्याने हा कळफलक अर्धा शिकलाच म्हणावयाचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यावर मुख दिसले म्हणजे भेटीचे कर्तव्य फिटले, असे मुले मानू लागतील! हे भय खोटे नव्हे. परंतु पत्रे आली म्हणून माहेरची वाट कोणी बुजविली नाही. साधन आळशास निमित्त पुरविते, प्रेमळास आधार देते. दोष मनाचा आहे.

उरतो तो मानाचा प्रश्न. नातवापाशी शिकण्यात वडीलपणास उणेपणा येत नाही. पण शिकविणाऱ्याच्या त्रासिक स्वराने मात्र तो दुखावतो. ‘द्या इकडे, मीच करून देतो,’ या वाक्यात वरवर सेवा दिसते, पण त्याने परावलंबन वाढते. आपल्या बोबड्या अक्षरांच्या वेळी ज्यांनी शंभरदा तेच सांगितले, त्यांस दहादा सांगण्याचा धीर तरुणांनी धरावा. वृद्धांनी संकोच सोडावा आणि तरुणांनी घाई सोडावी, एवढेच आमचे मागणे आहे.