झेंडूचा खरा रंग

दसऱ्याच्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानाच्या दारावर झेंडूचं तोरण असतं आणि आत काउंटरला खेटून गिऱ्हाइकं. समजा, त्यांतला एक जण चाळिशीचा गृहस्थ आहे. मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ काढायचे आणि आईचे चार चांगले फोटो, एवढंच त्याला हवंय. पण महिनाभर मेगापिक्सेल, फोर-के, स्टॅबिलायझेशन असल्या शब्दांत बुडून तो पार गोंधळून गेलाय. दुकानदार दोन निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे त्याच्या हातात देतो. दोन्हींनी तो दारावरच्या तोरणाचा फोटो काढतो. एकात झेंडू तांबडालाल, पाकळीत पाकळी विरघळून नुसता भडक गोळा झालेला. दुसऱ्यात पाकळ्या सुट्या दिसतात, पण फूल पिवळसर आणि कालचं वाटावं असं. तो मान वळवून तोरणाकडे बघतो, तर ते तिसऱ्याच रंगाचं.

"यातला खरा रंग कुठला?" तो विचारतो.

"रंगाचं काय घेऊन बसलात साहेब," दुकानदार म्हणतो, "तो सेटिंगमध्ये बदलता येतो."

हे उत्तर ऐकून दिङ्नागाचे कान टवकारले असते. पाचव्या-सहाव्या शतकातल्या या बौद्ध तार्किकाने प्रत्यक्ष ज्ञानाला एकच कडक अट घातली होती: त्यात कल्पनेची भेसळ नको. नाव, जात, गुण हे सगळं मन मागाहून चिकटवतं. ते चिकटण्याआधी जे नुसतं भासतं तेवढंच प्रत्यक्ष. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हतं. त्यांनी प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या सांगितल्या. पहिली निर्विकल्पक, म्हणजे 'काहीतरी आहे' एवढीच, विशेषणांवाचूनची जाण. दुसरी सविकल्पक, म्हणजे 'हे झेंडूचं फूल आहे आणि ते केशरी आहे' अशी नावागुणांसकट झालेली. आणि दोन्हींना त्यांनी प्रत्यक्षच म्हटलं. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी कॉलेजात घोकला त्यांना हा भेद तोंडपाठ असेल. आज तो कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये दोन शब्दांत लिहिलेला असतो: रॉ आणि जेपेग.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरच्या एकेका ठिपक्यावर किती उजेड पडला त्याचे आकडे. त्यांत रंग असा नसतोच. ते आकडे काही न करता पडद्यावर मांडले तर करडी जाळी दिसते, आणि नुसते त्या त्या रंगाचे करून दाखवले तर सगळं चित्र हिरवट. याचं कारण कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी योजलेल्या रचनेत आहे. १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल रंग जाणणारे ठिपके अवघे ६० लाख. बाकी १ कोटी ८० लाख ठिकाणी तांबडं किती होतं ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. आजूबाजूच्या ठिपक्यांवरून तो ते ठरवतो. जेपेगमधल्या रंगाचे जवळजवळ दोन तृतीयांश आकडे असे ठरवलेले असतात.

याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: अनुमान. आणि अनुमान चालायचं तर व्याप्ती हवी, जिथे धूर तिथे अग्नी असा न चुकणारा संबंध हवा. कॅमेऱ्याने धरलेली व्याप्ती अशी, की शेजारच्या ठिपक्यांचे रंग सहसा एकमेकांशी मिळते असतात. सहसा असतातही. पण बारीक विणीची रेशमी साडी किंवा अगदी बारीक रेघांचा शर्ट समोर आला की ही व्याप्ती मोडते आणि कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा उमटतात. फोटोग्राफर त्याला 'मोआरे' म्हणतात. नैयायिकाने त्याला हेतूचा व्यभिचार, म्हणजे खुणेचं चुकणं, म्हटलं असतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हा व्यभिचार चांगला परिचयाचा आहे.

मग रॉच खरं म्हणायचं का? छंदी लोकांत तशी एक कर्मठ जमात आहे. जेपेग काढणारा त्यांच्या लेखी निम्मा फोटोग्राफर. पण त्यांचीही अडचण आहे. रॉ कोणी पाहू शकत नाही. ते दिसावं म्हणून संगणकावर उघडलं, की उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने पांढरं कशाला म्हणायचं, सावली किती उचलायची हे ठरवून टाकलेलं असतं. व्हिडिओवाल्यांचं लॉग रेकॉर्डिंग तसंच. कॅमेऱ्यातून येताना चित्र धुवट, राखाडी. ग्रेडिंग केल्याशिवाय ते कुणाला दाखवण्याजोगं नसतं. शब्दांवाचून ज्ञानच नाही, असं व्याकरणकार भर्तृहरी म्हणत असे. निर्विकल्पक अनुभव असतो हे नैयायिकही अनुमानानेच सिद्ध करतात. तो कुणाला 'दिसला' असं नाही. तेव्हा जेपेगला कमी लेखण्यात मुद्दा फारसा उरत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की विशेषणं कोणी लावली. गिऱ्हाइकाने, की दूर टोकियोत बसलेल्या एखाद्या अभियंत्याने?

सेन्सर केवढा असावा, लेन्स कुठली, बॅटरी किती वेळ टिकते हे प्रश्न पैसे आणि वजन पाहून एका दुपारीत सुटतात. या प्रश्नाचं तसं नाही.

कारण विशेषणं लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी असतं. कोडॅकच्या फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला लॅबकडे एक कार्ड असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कांती नीट आली म्हणजे रंग बरोबर, हा हिशेब. गडद कांतीचे चेहरे त्यात मातीच्या गोळ्यासारखे येत, आणि ती फिल्म जगभर विकली जाई. तिच्यात पुढे सुधारणा झाली ती एकट्या माणसांच्या तक्रारींनी नव्हे. फर्निचरवाले म्हणाले, लाकडाच्या छटा ओळखू येत नाहीत. चॉकलेटवाले म्हणाले, काळं आणि दुधाचं चॉकलेट सारखंच दिसतं. तेव्हा तपकिरी रंगाकडे लक्ष गेलं. सावळ्या आजीचा चेहरा ज्यांच्या अल्बममध्ये काळपट डाग होऊन बसलाय, त्यांनी हा किस्सा जरूर लक्षात ठेवावा.

आता तर कॅमेरा आठवूही लागलाय. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. पुसट गोळ्यावर विवरं उमटली. फोनला चंद्र कसा दिसतो ते शिकवलेलं होतं. समोर चंद्र आहे असं वाटताच त्याने शिकलेलं भरून टाकलं. लोक चिडले, फसवणूक म्हणाले. नैयायिकाने मात्र शांतपणे चंदनाचं उदाहरण काढलं असतं. दुरून चंदनाचं खोड दिसलं की माणूस म्हणतो, 'सुगंधी चंदन दिसतंय.' वास डोळ्यांना दिसत नाही, नाकापर्यंत पोचलेला नाही. तो आठवणीतून येऊन दिसण्यात मिसळतो. अशा मिसळीलाही नव्यन्यायात प्रत्यक्षाचाच एक अलौकिक प्रकार मानलंय. गंमत अशी, की शिंपल्यावर चांदीचा भास होतो त्याचा उलगडाही नैयायिक याच यंत्रणेने करतात: पूर्वी कुठेतरी पाहिलेली चांदी आठवणीतून येऊन शिंपल्यावर बसते. यंत्रणा एक, पण चंदनाच्या बाबतीत ज्ञान आणि शिंपल्याच्या बाबतीत भ्रम. फोनचा चंद्र आकाशातल्या चंद्रावर लावला तर चंदन, पडद्यावरच्या गोळ्यावर लावला तर शिंपला. आणि फोनला दोन्हींतला फरक कळत नाही, ही खरी भानगड.

व्हिडिओसाठी कॅमेरा निवडणाऱ्यापुढे तर क्षणच उभा राहतो. पुष्कळशा कॅमेऱ्यांचा सेन्सर एका दमात वाचला जात नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत येताना काही कॅमेऱ्यांत साठेक मिलिसेकंद निघून जातात. धावत्या गाडीतून काढलेल्या व्हिडिओत विजेचे खांब तिरके होतात ते त्यामुळे: खांबाचा माथा एका क्षणाचा, बुंधा दुसऱ्या क्षणाचा. नाचणाऱ्या मुलीची जोरात फिरलेली पावलं आणि तिचे डोळे मग एका काळात नसतात. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेला ए-नाइन-थ्री हा सगळ्या ओळी एकदम टिपणारा पहिला फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा. पण त्याची किंमत ऐकून घरगुती गिऱ्हाईक पुन्हा तिरक्या खांबांकडे प्रेमाने पाहू लागतं.

उरला विश्वास. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका एम-इलेव्हन-पी हा कॅमेरा आला. फोटो काढतानाच तो त्याला डिजिटल सही जोडतो. म्हणजे प्रत्यक्षाचा दावा सोडून कॅमेरा शब्दप्रमाणाकडे वळला: मी आप्त, म्हणजे भरवशाचा सांगणारा आहे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. पण आप्ताचाही आप्तपणा तपासावा लागतो. २०२५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरच्या वाटेने बाहेरच्या चित्रालाही सही मिळवता येते असं उघड झालं आणि कंपनीला दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

ज्ञान खरं हे कसं ओळखायचं यावरून मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. मीमांसकांचं म्हणणं, ज्ञान स्वतःच प्रमाण. कोणी खोडून काढेपर्यंत खरं धरा. नैयायिक म्हणत, तसं नाही. पाणी दिसलं तर जा, ओंजळ भर, पी. तहान भागली तर दिसलेलं खरं. परीक्षणांचे व्हिडिओ बघून कॅमेरा घेणारे बहुतेक सगळे नकळत मीमांसक असतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत तरी नैयायिकाचं ऐकलेलं बरं. मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात.

तर समजा, आपला गृहस्थ झेंडूचा वाद अर्धवट सोडून दोन दिवसांसाठी एक कॅमेरा भाड्याने घरी आणतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली आई शेंगा सोलत बसलीय. तो व्हाइट बॅलन्स ऑटोवरच ठेवून चार फोटो काढतो. कांती बरी आलीय, सुरकुत्या पुसल्या गेलेल्या नाहीत. खूश होऊन तो पडदा आईपुढे धरतो. ती चष्मा वर सरकवते, स्वतःच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"माझी साडी हिरवी कशी केलीस? ही निळी आहे."

तो सेटिंग बदलतो. साडी निळी होते, पण आईचा चेहरा जांभळट. पुन्हा बदलतो. शेवटी आई वैतागून उठते, पदर ट्यूबलाइटखाली धरते आणि नीट बघते. मग सावलीच्या बाजूला धरून बघते. साडी धूपछाँवची आहे, ताणा निळा आणि बाणा हिरवा.