सीटखालचा कागद

जुन्या गाडीची वाजवी किंमत कशी ठरवायची, हा प्रश्न मला बरीच वर्षं निव्वळ तांत्रिक वाटत होता. पुरेशी माहिती गोळा केली की उत्तर मिळणारच, अशी माझी इंजिनियरी समजूत होती. मागच्या वर्षी ओहायोतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये पुरेशी माहिती माझ्या हातात आली आणि प्रश्न तिथून पुढे सुरू झाला.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे 'मसल कार' हा अनेकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं, ही कल्पना १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओने लोकप्रिय केली. पण मूळ गाडी साधीच असल्यामुळे एक घोळ झाला. शेव्हरोलेची शेव्हेल मालिबू आणि तिचीच दांडगी बहीण शेव्हेल एसएस यांचा सांगाडा एकच. एसएसचे बिल्ले, बॉनेट, पट्टे आजही विकत मिळतात. ते मालिबूवर चढवले की 'क्लोन' तयार. अस्सल गाडी आणि क्लोन शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला फरक कळणार नाही, किमतीत मात्र दुपटीचा फरक पडू शकतो.

म्हणून घेणारा माणूस गाडी कमी आणि पुरावे जास्त बघतो. पत्र्यावर लोहचुंबक फिरवून पुट्टी कुठे भरली आहे ते शोधतो. इंजिनावर ठोकलेले आकडे चासी नंबरशी जुळतात का ते बघतो, आणि जुळले तर त्या आकड्यांखालच्या कारखान्यातल्या बारीक रेघा शाबूत आहेत की कुणी पृष्ठभाग घासून नवे आकडे ठोकलेत, तेही बघतो. हॅगर्टीच्या दरपत्रकात एकाच गाडीला अवस्थेप्रमाणे १ ते ४ अशा चार पायऱ्यांचे दर असतात. या सगळ्या खऱ्या-खोट्यात कंपनीही मागे नाही. १९७०च्या शेव्हेलवर '३९६' असा बिल्ला असला, तरी आतलं इंजिन ४०२ घनइंचांचं असतं. इंजिन वाढवलं, पण गाजलेला आकडा तसाच ठेवला.

मी बघायला गेलो ती गाडी १९७०चीच होती. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, नवरा वारलेला. किंमत मुलाने काढून दिली होती, २२ हजार डॉलर. गाडी क्लोन आहे हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. चासी नंबर १३६ने सुरू होतो, खऱ्या एसएसचा १३८ने होतो, असं मुलाने शोधून काढलं होतं.

मुलाचा नियम बरोबर होता, पण १९६६ ते १९६८च्या गाड्यांसाठी. १९६९पासून एसएस हे वेगळं मॉडेल राहिलं नाही, मालिबूवर जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज झालं. त्यामुळे १९७०ची प्रत्येक एसएस ३९६ ही १३६नेच सुरू होते. नंबरावरून काहीच सिद्ध होत नाही, ना हे ना ते.

बाईंना विचारून मी मागची सीट उचलली. जुळणी करणाऱ्या कामगारांसाठी कारखान्यात एक कागद निघायचा, तो कधीकधी सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकून राहायचा. इथे तो होता. उंदरांनी कुरतडलेला, पिवळा पडलेला, पण याच गाडीचा नंबर आणि एसएस ३९६ पॅकेजचा झेड२५ हा कोड स्पष्ट वाचता येत होता. माझ्या अंदाजाने गाडी किमान ४५ हजारांची होती.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "मुलाने बरोबर बघितलंय ना? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते."

मी म्हणालो, "हो, नंबर १३६नेच सुरू होतो."

कागद होता तसा ठेवला, सीट बसवली आणि विचार करून कळवतो म्हणून निघालो.

घरी आल्यावर नागपूरच्या माझ्या रूममेटने निकाल देऊन टाकला. "अरे, तू काय धर्मादाय संस्था काढली आहेस का? तू चार वर्षं डोकं घातलंस यात. त्यांच्या मुलाने चार मिनिटं घातली. अभ्यासाचे पैसे मिळायला नकोत?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कष्टाने मिळवलेली माहिती फुकट वाटायची सक्ती झाली, तर ती मिळवायचे कष्ट कोण घेईल? अमेरिकन कायद्यातही याला आधार आहे. १८१५मध्ये न्यू ऑर्लिन्सला ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याने भल्या सकाळी तंबाखूचा मोठा सौदा केला. ब्रिटनशी तह झाल्याची बातमी त्याला होती, विकणाऱ्याला नव्हती. बातमी फुटताच भाव ३० ते ५० टक्के चढला. सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती मार्शल यांनी १८१७मध्ये म्हटलं, की घेणाऱ्यावर अशी बातमी सांगायचं बंधन नाही. पण समोरच्याची फसगत होईल असं काही बोलायचं किंवा करायचं नाही, हेही त्यांनी त्याच निकालात म्हटलं आणि खटला फेरसुनावणीला पाठवला. कारण विकणाऱ्याने विचारलं होतं: भाव वाढेल अशी काही बातमी आहे का?

मलाही विचारलं होतं. आणि माझ्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता.

सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात अगदी हाच पेच घातला आहे. कुणी सोनं पितळ समजून विकत असेल, तर भल्या माणसाने त्याला सांगावं, की हजाराची वस्तू एका नाण्यात घ्यावी? त्याच ग्रंथात डायोजेनिस आणि अँटिपेटर हे दोन तत्त्वज्ञ वाद घालतात. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, असं डायोजेनिसचं म्हणणं. अँटिपेटरला ते मान्य नाही. पहिले दोन दिवस मी डायोजेनिसच्या बाजूने होतो.

तिसऱ्या दिवशी मला माझ्याच माहितीत दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. १३६ आणि १३८चा इतिहास ही माझी कमाई. तो मी कुणाला शिकवायला बांधील नाही. पण सीटखालचा कागद माझी कमाई नव्हता. तो त्यांच्या गाडीत, त्यांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या परवानगीने मला दिसला होता. त्यांचीच वस्तू मी त्यांच्यापासून लपवली होती.

हेही कबूल करतो, की समोर मुरलेला डीलर असता तर मी गप्प राहून गाडी घेतली असती आणि शांत झोपलो असतो. हा दुटप्पीपणा आहे का? मला वाटतं, नाही. डीलर आणि मी एकाच खेळात उतरलेलो असतो, आणि गप्प राहणं हा त्या खेळाचा दोघांनाही ठाऊक असलेला नियम असतो. बाई खेळत नव्हत्या. त्या मला तज्ज्ञ मानून विचारत होत्या.

मग वाजवी किंमत कोणती? दरपत्रकातला आकडा नक्कीच नव्हे. गंज, पुट्टी, माझा अभ्यास हे सगळं मोजून मी ३५ हजार म्हटलं असतं आणि बाईंनी खुशीने होकार दिला असता, तर तीही वाजवीच किंमत झाली असती. तो कागद दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवून जो आकडा टिकतो, तो वाजवी. २२ हजार टिकला नसता, म्हणूनच मी कागद परत सीटखाली सरकवला होता.

चौथ्या दिवशी मी फोन केला आणि सगळं सांगितलं. कागद कुठे आहे, कोडचा अर्थ काय, मुलाचं कुठे चुकलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

मी हो म्हणालो. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

महिन्याभराने गाडी दुसऱ्या कुणीतरी घेतली. कितीला, ते मी विचारलं नाही. गाडी गेल्याची हळहळ अजून आहे. पण आठवतो तो त्यांचा प्रश्न, आणि 'हो' म्हणण्याआधी, काही मोघम बोलून सुटता येईल का याचा मी केलेला क्षणभर विचार.