‘दॅट’ काय काम करतं?

मयूर विहार फेज वनमधल्या माझ्या घरी संध्याकाळी काही मुलं इंग्रजी व्याकरण शिकायला येतात. सर्वनामांचे प्रकार घडाघडा म्हणतात. तेच सर्वनाम वाक्यात काय काम करतंय, असं विचारलं की चिडीचूप. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलानं एकदा माझ्या कपाटातलं पुस्तक पाहून उलट मलाच विचारलं, “आंटी, ये ‘दॅट’ कौन-सा प्रोनाउन है?” पुस्तक निसर्गदत्त महाराजांचं, ‘आय ॲम दॅट’.

डेमॉन्स्ट्रेटिव्ह, म्हणजे दर्शक. त्याचं तेवढ्यावर भागलं.

निसर्गदत्त म्हणजे मारुती शिवरामपंत कांबळी. कोकणातल्या कांदळगावात वाढले, मुंबईत विड्यांचं दुकान चालवलं. खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर ते अद्वैतावर मराठीत बोलत. ती संभाषणं मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं इंग्रजीत आणली आणि १९७३ साली पुस्तक निघालं.

आता ‘आय नो दॅट’ आणि ‘आय ॲम दॅट’ ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा. दोन्हीकडे ‘दॅट’ दर्शकच, रूपही तेच. पहिल्यात ते कर्म: जाणणारा अलीकडे, जाणलेलं पलीकडे. दुसऱ्यात ते विधानपूरक; क्रियापदानंतर येऊनही कर्त्याचंच. नुसता प्रकार ओळखून हा फरक हाती लागत नाही. अद्वैताचं सगळं भांडण मला या एका जागेवर दिसतं. ब्रह्म ही जाणायची वस्तू नव्हे, हे शंकराचार्यांना परत परत बजावावं लागलं, कारण आपण सवयीनं त्याला कर्माच्या जागी नेऊन बसवतो.

‘आय’ तर त्या जागी टिकतच नाही, रूप बदलतं. आपल्या ‘मी’चंही ‘मला’ होतं. जाणणाऱ्याला कशानं जाणायचं, हा बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यानं मैत्रेयीपुढे ठेवलेला पेच मला इथे भेटतो. नामाऐवजी येतं ते सर्वनाम, ही शाळेतली व्याख्याही इथे लंगडी पडते. उद्या मी स्वतःचं नाव विसरले तरी ‘मी’ म्हणायला अडणार नाही. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम यांनी १९७५च्या निबंधात तर ‘आय’ हा शब्द कशाचाच निर्देश करत नाही, असं मांडलं. हे मला टोकाचं वाटतं. ‘मी’ म्हणणारी बाई कुणीतरी असतेच. विजेचं बिल तिलाच भरायचं असतं.

त्या मल्याळी मुलाची आजी इथल्या उत्तर गुरुवायूरप्पन मंदिरात नेमानं जाते. माझी आई वारकरी. दोघींना ‘दॅट’ नकोच, द्वितीय पुरुष हवा. रुसता येईल, जाब विचारता येईल असा. द्वैतवादी मध्वाचार्यांनी छांदोग्य उपनिषदातल्या ‘तत्त्वमसि’ (‘ते तू आहेस’) या महावाक्याचा पदच्छेदच निराळा केला आणि तिथे ‘तू ते नाहीस’ असं वाचलं. पंडिती हट्ट म्हणून ते सोडून देता येईल. मी देत नाही. या दोघींची बाजू व्याकरणानं लढवली ती मध्वाचार्यांनीच.

आणि निसर्गदत्त? त्यांच्या पोटमाळ्यावर गुरू सिद्धरामेश्वर महाराजांच्या तसबिरीची रोज पूजा होई, भजनं होत. भजनाचं ‘तू’वाचून भागत नाही, आणि त्यांनी ते अखेरपर्यंत सोडलं नाही.