भर

टायरांच्या वळ्यांनी बनलेला मिशलिन कंपनीचा तो गुबगुबीत माणूस पांढरा आहे, कारण 1898 साली तो कागदावर उतरला तेव्हा टायरच फिकट रंगाचे असत. 1904 साली लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांनी रबरात काजळी मिसळून पाहिली आणि रबर कमालीचे चिवट झाले.

काजळी! कंदिलाच्या काचेवरून रोज पुसून टाकायची ती. आज भट्टीत मोजूनमापून तयार केलेली तीच काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात 100 भाग रबरामागे साधारण 50 भाग असते. स्टायरिन-ब्युटाडाइन हे कृत्रिम रबर नुसते ताणले तर चटकन तुटते. काजळी घातल्यावर तुटायला सुमारे दहापट जोर लागतो.

भर घालायची ती माल वाढावा म्हणून, असा आपला समज. खडूची भरड पूड रबरात घातली तर खरोखर तेवढेच होते. मग काजळीत वेगळे काय? तिचा बारीकपणा. टायरसाठीच्या एका नेहमीच्या प्रकारात कण असतो जेमतेम 30 नॅनोमीटरचा, आणि असल्या एक किलो काजळीचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर सुमारे 19 एकर भरेल. एवढ्या रानावर रबराच्या लांबलचक साखळ्या चिकटतात.

हे चिकटणे डोळ्यांनी पाहता येते. गंधक घालून पक्के न केलेले साधे रबर टोल्युइनमध्ये ठेवले तर विरघळून जाते. काजळी मळलेला तुकडा मात्र काही दिवसांनीही फुगलेल्या काळ्या गोळ्याच्या रूपात उरतो. कणांनी धरून ठेवलेले रबर सुटतच नाही. ताण आला की साखळ्या कणांवरून किंचित सरकतात, एकीवरचा भार दुसऱ्या उचलतात. भेग धावत आली तर तिला कणाकणाशी वळावे लागते, फाटे फुटतात, जोर ओसरतो.

पण कण एकमेकांनाही धरतात, आणि त्याची किंमत मोजावी लागते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्यांचे जाळे तुटते, पुन्हा जुळते. त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि इंधन जास्त जळते.

म्हणून मिशलिननेच 1992 साली काजळीच्या जागी मुख्यतः सिलिकाची भर घातलेला टायर बाजारात आणला. सिलिकाला ओढ पाण्याची, रबराशी तिचे जमत नाही. मध्ये सिलेन नावाचा दुवा लागतो: एक हात सिलिकाला, दुसरा गंधकाच्या साहाय्याने रबराला. मिश्रण मळताना हा दुवा जुळतो तेव्हा यंत्रातून अल्कोहोलची वाफ निघते. असा टायर हलका फिरतो, आणि ओल्या रस्त्यावरची पकडही सुटत नाही. रबराच्या साऱ्या कहाणीत हा दुवाच सर्वांत सुंदर वाटतो.

सिलिका पांढरी असते. तरी टायर काळाच येतो, कारण थोडी काजळी मुद्दाम ठेवावी लागते: उन्हाने रबर तडकू नये म्हणून, आणि धावत्या गाडीत साठणारी वीज रस्त्यात उतरावी म्हणून.